आभाळाकडे पाहणारा डावा दिवा

मी एका जीपचा डावा दिवा बोलतोय. उजवा बोलत नाही. त्याला बोलायचं कारणच नाही, कारण आयुष्यात त्याला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. सगळी बोलणी मी खाल्ली.

माझं तोंड अर्धं काळं आहे. ते पाप केल्याचं काळं नव्हे. त्या काळी समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून दिव्यांच्या काचा वरून अर्ध्या रंगवत. जळगावच्या पेंटरने चहा पिता पिता दोन फटकाऱ्यांत माझं कपाळ रंगवलं आणि वर स्वतःच म्हणाला, शोभतंय. मला कुणी विचारलं नाही.

असोद्याच्या स्टँडवर मात्र लोक मला रोज प्रश्न विचारत. म्हणजे माझ्या मालकाला, गिरधरला विचारत, पण बोट माझ्याकडे करून. खड्ड्यात गाडी आदळली की हा मिचमिचतो का? वायर ढिली आहे म्हणून. एकच दिवा पिवळा का? काचेत धूळ गेली म्हणून. याची मला लाज वाटत नाही, म्हातारपणी सगळ्यांचंच होतं. पण तिसरा प्रश्न आला की माझा जीव काचेत मावत नसे. हा डावा दिवा वर आभाळात काय पाहतो? त्या प्रश्नाने एकदा एका माणसाचं लग्न मोडत आणलं होतं. तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म कारखान्यातला. कापूस घातलेल्या खोक्यातून निघालो ते थेट एका सरकारी जीपच्या डाव्या डोळ्यात बसलो. साहेबांचा ड्रायव्हर मला रोज सकाळी फडक्याने पुसायचा, हाह् करून वाफ सोडायचा आणि पुन्हा पुसायचा. मागच्या बाकावर फायलींशिवाय काही नसायचं. फायली हलक्या असतात, म्हणून माझी नजर सरळ असायची. सात वर्षं मी रस्ता सोडून दुसरीकडे पाहिलं नाही.

मग जीपचा लिलाव झाला आणि आम्ही गिरधरकडे आलो. गिरधर असोद्याचा. घरची केळी होती, कापूस होता, पण त्याचा जीव स्टिअरिंगमध्ये. सकाळी जळगावची माणसं ने-आण करायची, दुपारी केळीचे घड, लग्नसराईत वऱ्हाड. स्वभावाने इतका लाजाळू की हॉर्न वाजवायच्या आधी मनातल्या मनात माफी मागत असावा. वय सव्वीस झालं होतं आणि तीन ठिकाणी नकार आला होता. मुलीकडचे शेती विचारत, केळीची खोडं मोजत, खूश होत. आणि मग कुणीतरी विचारी, मुलगा स्वतः काय करतो? गिरधर खरं सांगे. तिथेच बोलणी थांबत. त्याची आई ताईबाई देवाला म्हणायची, निदान एक तरी मुलगी अशी धाड, जिला गाडीतला माणूस माणूस वाटेल.

आता आमच्या जीपमध्ये बसायची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. पुढच्या सीटवर निंबा नाना. हे गिरधरचे काका, घरातले कर्ते. शेजारी दोन माणसं सहज मावतील एवढी जागा असली तरी नाना एकटेच बसत, कारण मान म्हणून काही असतो. उरलेलं गाव मागे. मागच्या उजव्या कोपऱ्यात झुंबरबाई आत्या, नानांची थोरली बहीण. तिला गाडीत मळमळायचं, म्हणून तिला वाऱ्याची जागा लागे. आणि तिच्याजवळ नेहमी एक बोचकं असे, त्यात दुसऱ्याच्या घरी न्यायचं काय काय असे. कुणी विचारलं तर म्हणायची, थोडंसंच आहे. ते थोडंसं उचलायला दोघे लागत. मागे बारा माणसं बसली की सगळे सरकत सरकत, काय जादू होती कोण जाणे, उजवीकडेच गोळा होत. आत्याकडे बातम्या असत ना.

एकदा जामनेरच्या बाजाराहून येताना त्या थोड्याशात दगडी जातं होतं. एका खड्ड्यात मागून कडाड आवाज झाला. गाडी थांबली नाही, म्हणून कुणी उतरलंही नाही.

त्या दिवसापासून माझी दृष्टी गेली. म्हणजे होती, पण भलतीकडे. गाडी भरली की तिचा मागचा उजवा कोपरा बसायचा आणि मी, पुढचा डावा, वर उचलला जायचा. रस्ता उजव्याच्या वाट्याला आणि माझ्या वाट्याला निंबाचे शेंडे. मी झोपलेले कावळे पाहिले, तारा पाहिल्या, एकदा एका गच्चीवर वाळत घातलेली सोनकेळीची वेफर पाहिली. जे खाली पाहायचं ते सोडून सगळं पाहिलं.

गिरधरने गाडी जळगावला नेरी नाक्याजवळ मुख्तारकडे नेली. मुख्तार मिस्त्री बोलायला कमी आणि खाली झोपायला तयार. तो गाडीखाली सरकला, मागचे लोखंडी पाटे, ज्यांच्यावर गाडी झोके घेते, ते हाताने चाचपले आणि तिथूनच म्हणाला, "भाऊ, बत्तीको कायको सताते? कंबर गयी है गाडी की. पिछला पाटा टूटेला है."

मला तेव्हा गाडीखाली वाकून त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण सोबत निंबा नाना होते. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मागे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, दिवा पुढं, पाटा मांगं, त्याचा याच्याशी काय संबंध? खोट दिव्यातच हाये. नाना बोलले म्हणजे विषय संपला. त्यांनी उभ्या आयुष्यात गाडी चालवली नव्हती, पण पुढे बसून बसून त्यांना सगळं येत होतं.

तेव्हापासून गिरधरच्या खिशात पेचकस आला. गाडी भरली की तो माझ्या कडेचा पेच पिळून माझी मान खाली करी. माणसं उतरली की मला फक्त बंपरपुढचे दगड दिसत, मग तो पुन्हा पेच पिळून मान वर करी. दिवसातून चार वेळा माझी मान वर-खाली. नवी नवरीही सासरी एवढी मान हलवत नसेल. आणि कधी कधी तो विसरे.

त्यात दसरा आला. ताईबाईने गाडीची पूजा केली. झेंडूचा हार उजव्यावर लोंबत होता, म्हणून तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक तिने माझ्या काचेवर काढलं. पूजेचा शेंदूर पुसायचा नसतो, अपशकुन होतो. तो शेंदूर दोन दिवसांत ओघळून नुसता तांबडा ठिपका राहिला. माझ्या एका आजारात त्याची भर पडली.

दिवाळीनंतर शिरपूरकडे एक लग्न निघालं. धुळ्याला चहा झाला, आत्याचं लिंबू झालं, आणि आग्रा रोडने शिरपूर जवळ आलं तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. गिरधरने दिवे लावले. धुळ्याला सगळी उतरली होती तेव्हा त्याने माझी मान वर केली होती आणि पुन्हा भरल्यावर खाली करायची राहिली होती. मी लागलो तो थेट निंबाच्या शेंड्यावर. समोरून एक सायकल येत होती. पुढे एक म्हातारे गृहस्थ, मागे कॅरियरवर त्यांची मुलगी. रस्त्याचा उतार लागला, माझा उजेड झाडावरून घसरून त्यांच्या डोळ्यांत गेला. मुलीने पटकन उडी मारली. सायकल मात्र आजोबांना घेऊन कडेच्या कपाशीत गेली.

मी ओरडलो असतो, पण दिव्याला आवाज नसतो. गिरधरला इंजिनाच्या घरघरीत काही कळलं नाही. मागचे सगळे आत्याची बातमी ऐकत होते. आम्ही पुढे निघून गेलो. ते लग्न झालं, जेवण चांगलं होतं असं सगळे म्हणाले. मला एक घास गोड लागला नसता.

महिनाभराने गिरधरला शिरपूरचंच स्थळ आलं. मुलीचे वडील शालिग्राम आबा, मार्केटात कापसाचे मापाडी. तीस वर्षं काट्यावर माल तोलला, पण पारड्यात कधी बोट ठेवलं नाही अशी त्यांची ख्याती होती. मुलगी सुगंधा, दहावी झालेली. मुख्य म्हणजे मुलगा गाडी चालवतो हे त्यांना आधीच सांगितलं होतं आणि तरी त्यांनी या म्हटलं होतं. ताईबाईने त्या दिवशी देवासमोर दोन दिवे लावले. गिरधर माझ्याजवळ येऊन उगीच काच पुसत राहिला, शेंदूर सोडून. मला म्हणाला, आज तरी नीट वाग.

नीट वागायचं म्हणजे मुलगी पाहायला चार माणसं न्यायची. पण भाऊबंदकीत एकाला नेलं की दुसरा रुसतो, म्हणून चौदा निघाली. वर केळीचे सहा घड. गिरधरने माझा पेच संपेपर्यंत मान खाली केली.

दुपारी चारला पोचलो. घरासमोर निंबाचं झाड, समोर शेजाऱ्यांची चुन्याची पांढरी भिंत आणि तिच्यामागे आणखी एक निंब. मी खिडकीच्या अगदी शेजारी, भिंतीकडे तोंड करून उभा होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आबा किंचित लंगडत बाहेर आले, गुडघ्याला पट्टी होती. मी त्यांना ओळखलं. माझ्या आतली तार तिथेच तुटती तर बरं झालं असतं.

आत पोहे आले. सुगंधा आली, तिने मामीची उसनी जरीची साडी नेसली होती. नानांनी नाव विचारलं, आत्याने स्वयंपाक विचारला. मग कुणीतरी गिरधरला म्हणालं, तूही विचार काहीतरी. गिरधरने बशीतल्या पोह्यांना उद्देशून विचारलं, "तुमाले गाडीत मळमळते का?"

सगळे हसले. सुगंधाही हसली. म्हणाली, "आम्हनाकडे सायकलच शे. तीबी आते मोडेल शे."

झालं. आबांना विषय मिळाला. गेल्या महिन्यात आग्रा रोडवर काय झालं ते त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. एक दिवा जमिनीवर, दुसरा आभाळात आणि त्याच्या उजेडात तांबडा टिळा. नवं कोरं धोतर फाटलं, गुडघा सोलला, चाक पापडासारखं वाकलं. ते कपाशीत बसले होते तेव्हा टोपीवर, मिशीवर बोंडं अडकली होती आणि ही पोरगी मदत करायची सोडून पोट धरून हसत होती. त्यांनी तिच्याकडे रागाने पाहिलं आणि शेवटी म्हणाले, "तो ड्रायव्हर जर सापडना, ते त्याले मी मना काटावर तोलसू. माणूस कितला भरस, ते देखसू."

तेरा माणसांचे पोहे तेरा तोंडांत थांबले, गिरधरचे बशीतच. शिरपूरकडच्या त्या लग्नाची तारीख सगळ्यांनाच आठवत होती. झुंबरबाईला उचकी लागली. नाना छताकडे पाहू लागले, अगदी माझ्यासारखे. गिरधरची मान जी खाली गेली ती वर आली नाही. चौथं स्थळ हातात आलं होतं आणि माझ्यामुळे जाणार होतं.

सुगंधा उचकीसाठी पाणी आणायला बाहेर आली. माठ माझ्या बाजूलाच, झाडाखाली होता. तांब्या भरता भरता तिची नजर माझ्यावर पडली आणि तिथेच थांबली. तांब्यातून पाणी वाहून गेलं. तिने माझ्या काचेवरचा तांबडा ठिपका पाहिला, गाडीचा नंबर पाहिला, मग खिडकीतून आत पाहिलं. आत गिरधर बशी धरून बसला होता. कानांच्या पाळ्या लाल, एक पोहा खाल्लेला नाही. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ही वडिलांना हाक मारणार.

तिने पदराचं टोक माठातल्या पाण्यात बुडवलं आणि माझी काच पुसली. घासून घासून पुसली. सरकारी ड्रायव्हरनेही मला एवढ्या मायेने कधी पुसलं नव्हतं. मग तांब्या घेऊन आत गेली, जणू काही झालंच नाही.

दिवस मावळायला आला तशी निघायची गडबड झाली. आबांनी निरोप नंतर कळवतो म्हटलं, आणि घडांच्या बदल्यात भुईमुगाच्या शेंगांचं पोतं मागे चढवलं. ते आत्याच्या पायाशीच ठेवलं गेलं. नाना पुढे बसले, बाकीचे मागे दाटले. गाडी उजवीकडे मागे बसली. गिरधर स्टिअरिंगवर बसला, पण त्याने बटण दाबलं नाही. अजून थोडं दिसत होतं. दिवे न लावता तो आग्रा रोडपर्यंत सहज गेला असता. ठिपका पुसलेला होता, पुरावा उरला नव्हता. नाना दबक्या आवाजात सांगत होते, गिरधर, गाडी काढ.

गिरधरने दिवे लावले.

मी पेच संपेपर्यंत खाली केलेला, तरी वर गेलो. पांढरी भिंत ओलांडून निंबाच्या शेंड्यात. नुकतेच टेकलेले कावळे कावकाव करत उठले. आबांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. गिरधर खाली उतरून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आबा, ती गाडी हीच हाये," तो म्हणाला. "चालवनारा मीच होतो. तुमी मले दिसले नाही. पन म्हून काई तुमचा गुडघा भरून येत नाही."

त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब बोलणं असावं. आबांनी माझ्या उजेडाकडे पाहिलं, गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे आले. रागाच्या जागी त्यांच्या तोंडावर एक कामाचा भाव आला, जो बहुधा मार्केटात येत असेल. त्यांनी मागच्या सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं. एकेक करून.

पहिला उतरला, मी शेंड्यावरून फांदीवर आलो. चौथा उतरला, भिंतीच्या माथ्यावर. नववा उतरला तेव्हा मी भिंतीच्या मध्यावर होतो आणि शेजारीपाजारी जमले होते. आबा दर माणसाला हात वर करून थांबवत आणि भिंतीकडे पाहून मान हलवत. शेवटी पोतं उतरवलं आणि त्यामागून झुंबरबाई आत्या बोचक्यासह उतरली. गाडीने कुईं करून सुस्कारा टाकला, मागून उसळली, आणि माझा उजेड भिंतीवरून धाडकन खाली आला तो थेट आबांच्या पट्टी बांधलेल्या गुडघ्यावर. मी जन्मात कधी इतका शरमलो नव्हतो.

आबा मात्र मोठ्याने हसले. "दिवामा काहीच खोट नही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "खोटा दिवा एकच जागे खोटा दखाडस. हाऊ माणसं देखीसन वर-खाले व्हस. मांगलं पारडं खाले गयं, का पुढलं उठसच. गाडीनी कंबर मोडेल शे."

नेरी नाक्यावर मुख्तारने हेच सांगितलं होतं, पण तेव्हा तो गाडीखाली होता आणि नाना वर होते. आता नाना आतून पुढची काच पुसल्याचं नाटक करू लागले. मला रडू आलं असतं तर काचेतून पाणी आलं असतं. दीड वर्ष बोलणी खाल्ल्यावर भर चौकात कुणीतरी माझी बाजू मांडली होती.

मग आबांनी गिरधरकडे वळून अटी सांगितल्या. आधी पाटा बदलायचा. मग सायकलचं चाक आणि धोतर. आणि लग्नाच्या दिवशी झुंबरबाई आक्का पुढे, नानांशेजारी बसतील. नाना आपल्या सीटवर आणखी पसरून बसले. गिरधरला मात्र फक्त एक शब्द ऐकू आला होता. त्याने चाचरत विचारलं, कुणाच्या लग्नाच्या दिवशी?

आबा दारात उभ्या असलेल्या सुगंधाकडे पाहत होते. उसन्या साडीच्या पदराचं टोक ओलं होतं आणि त्यावर तांबडा डाग होता. तिने तो मुठीत लपवला, पण तीस वर्षं माल पारखणाऱ्या माणसापासून काय लपणार? त्यांनी माझ्या स्वच्छ काचेवर एक बोट फिरवलं, ते हुंगून पाहिलं.

"मी काय तोलू?" ते म्हणाले. "मना घरमा कोनीतरी पहिलेच तोली टाकं."

पुढचं सगळं तुम्हाला कळलंच असेल. मुख्तारने नवा पाटा बसवला आणि वर लग्नाला जेवायलाही आला. माझ्या कडेचा पेच त्याने एकदा नीट बसवून वर रंगाचा ठिपका लावला, म्हणजे कुणी हात लावला की कळावं. लग्नाला जाताना नाना आणि आत्या पुढे शेजारी बसले आणि असोद्यापासून शिरपूरपर्यंत भांडले. माझी नजर मात्र रस्त्यावर होती.

त्यानंतर दहा वर्षं मी सरळ पाहिलं. मग इंजिन थकलं आणि शहाण्णव साली जीप भंगारात गेली. उजवा दिवा तिच्यासोबतच गेला, बिचारा शेवटपर्यंत काही बोलला नाही. मला सुगंधाबाईने पेचकस घेऊन स्वतः काढून घेतलं. आता मी असोद्याच्या घरी ओट्यावरच्या कोनाड्यात असतो. माझ्यात तार नाही, बल्ब नाही. सकाळी कोंबडी येऊन माझ्या काचेत स्वतःला पाहते आणि चोच मारते. तिलाही मी दिसत नाही, तिला फक्त तीच दिसते.

एवढंच सांगायचं आहे. समोरून कुणाच्या दिव्याचा उजेड डोळ्यांवर आला तर रागवा, तो तुमचा हक्क आहे. पण रागावून झालं की एकदा त्या गाडीच्या मागेही पाहा. तिथे कोण कोण बसलंय आणि किती थोडंसं घेऊन बसलंय ते पाहा.

दर दसऱ्याला सुगंधाबाई माझी पूजा करते. तेलात शेंदूर कालवून माझ्या काचेवर ठिपका देते, हात जोडते आणि लगेच पदराच्या टोकाने पुसून टाकते. म्हाताऱ्या ताईबाई दरवर्षी ओरडतात, अगं, पूजेचा शेंदूर पुसू नये, अपशकुन असतो. सुगंधाबाई हो म्हणते. ओट्यावर बसलेल्या गिरधरच्या कानांच्या पाळ्या लाल होतात आणि तो चहाच्या बशीत पाहत राहतो.